किशोर गटातून कुमार गटात: कोकणातील मंडळांचे नवे कार्यकर्ते आणि पालक यांच्यासाठी

किशोर गटात चमकलेला मुलगा कुमार गटात गेल्यावर पहिल्याच हंगामात राखीव खेळाडूंमध्ये बसतो, दिवाळीनंतरच्या सरावाला उशिरा येऊ लागतो आणि शिमग्यापर्यंत त्याचे येणे बंद होते. वाडीच्या क्रीडा मंडळात मुलांची जबाबदारी नव्याने घेणाऱ्याला हे चित्र फार लवकर दिसते. घरचे म्हणतात की त्याचे लक्ष उडाले, मंडळातले म्हणतात की तो माजला. बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते. त्याचा गट बदललेला असतो आणि त्या बदलाची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेतलेली नसते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीच्या मंडळात मी मुलांचा सराव, नोंदणी आणि प्रवास ही कामे पाहतो, आणि पालक म्हणूनही या टप्प्यातून गेलो आहे. त्या अनुभवावरून, मुख्यतः कबड्डी आणि खो-खो हे दोन खेळ समोर ठेवून, पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

१. गट नेमके कसे ठरतात ते आधी समजून घ्यावे

कबड्डीत जिल्हा व राज्य संघटनेच्या स्पर्धांसाठी किशोर-किशोरी गटाची मर्यादा १६ वर्षे आणि ५५ किलो अशी आहे. कुमार गटाची मर्यादा २० वर्षे असून वजन मुलांसाठी ७० किलो आणि मुलींसाठी ६५ किलोपर्यंत चालते. वय आणि वजन या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि नवे कार्यकर्ते बहुधा येथेच गोंधळतात. १४ वर्षांचा परंतु ५८ किलो वजनाचा मुलगा किशोर गटात बसत नाही. त्याला खेळायचे असेल तर कुमार गटातच उतरावे लागते आणि तेथे त्याच्यासमोर १९ वर्षांचा, दाढीमिशा फुटलेला कोपरारक्षक, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यात उभा राहून पकड करणारा खेळाडू, उभा असतो. वयाने लहान पण अंगाने मोठा असलेला हा मुलगा मंडळाची सर्वांत मोठी जोखीम असतो, आणि कौतुकाच्या भरात त्याचीच सर्वांत कमी काळजी घेतली जाते.

खो-खोमध्ये गट वयावर ठरतो. १४ वर्षांखालील किशोर-किशोरी, १८ वर्षांखालील कुमार व मुली, आणि त्यापुढे खुला गट. शालेय स्पर्धांची विभागणी पुन्हा वेगळी, म्हणजे १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशी असते, आणि या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे शालेय क्रीडा स्पर्धांसाठी कोल्हापूर विभागात येतात, तर रायगड मुंबई विभागात येतो, त्यामुळे विभागीय स्पर्धेचा प्रवास कोठे होणार हे जिल्ह्यावर अवलंबून असते.

याचा परिणाम असा की १५ वर्षांची एकच मुलगी शाळेकडून १७ वर्षांखालील गटात, कबड्डीत किशोरी गटात आणि खो-खोत थेट १८ वर्षांखालील गटात खेळू शकते. आपण पालक असाल तर ‘माझी मुलगी कोणत्या गटात?’ असा सरसकट प्रश्न विचारू नये. कोणता खेळ, कोणती स्पर्धा आणि वय कोणत्या तारखेला मोजले जाणार, हे तिन्ही विचारावे. वय मोजण्याची तारीख त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेली असते. गेल्या वर्षीच्या परिपत्रकावर विसंबून संघ तयार करणे हा सापळा आहे आणि तो दरवर्षी कोणाला ना कोणाला पकडतो.

२. यादी पावसाळ्यातच काढावी

कोकणात मैदान जूनपासून सप्टेंबरपर्यंत हातात नसते. लाल मातीचा चिखल होतो, जांभ्यावर शेवाळ धरते, आणि जुलैत लावणीमुळे मोठी मुलेही शेतात असतात. हाच काळ कागदांसाठी वापरावा. एका वहीत प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, वजन, उंची आणि पुढील वर्षात तो कोणत्या खेळात कोणत्या गटातून बाहेर पडणार हे लिहून काढावे. उंची आणि वजन दर दोन महिन्यांनी पुन्हा नोंदवावे, कारण पुढे पाचव्या पायरीत या नोंदींचा उपयोग होतो. शालेय स्पर्धा गणपतीच्या आगेमागे सुरू होतात आणि गावोगावच्या मातीवरच्या स्पर्धा दिवाळीनंतर भात कापून शेते मोकळी झाल्यावर रंगतात. त्यामुळे ज्याचा गट बदलणार आहे त्याला हे जूनमध्ये कळले तर तयारीला बराच अवधी मिळतो. स्पर्धेच्या आठवड्यात कळले तर काहीच मिळत नाही.

३. कागदपत्रांची फाइल करावी

प्रत्येक मुलासाठी एक प्लॅस्टिकची फाइल ठेवावी आणि मूळ कागद पालकांकडेच राहू द्यावेत. मंडळाकडे छायाप्रती पुरतात. फाइलमध्ये पुढील गोष्टी असाव्यात.

- जन्म दाखला
- आधार कार्डाची प्रत
- शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र आणि दहावी झाली असल्यास शाळा सोडल्याचा दाखला
- पासपोर्ट आकाराची चार-सहा छायाचित्रे
- पालकांचे लेखी संमतीपत्र, ज्यात दोन दूरध्वनी क्रमांक, रक्तगट आणि मुलाला असलेला दमा, फिट्स किंवा ॲलर्जी यांसारखा त्रास लिहिलेला असेल
- डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र
- आतापर्यंतच्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती

यांतील जन्म दाखल्यावर सर्वांत जास्त वेळ जातो. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच होते, आणि कोकणातली कितीतरी मुले आईच्या माहेरी किंवा मुंबईच्या रुग्णालयात जन्मलेली असतात. गावच्या ग्रामपंचायतीत त्यांची नोंद सापडत नाही म्हणून पालक हताश होतात. प्रत्यक्षात ती आजोळच्या ग्रामपंचायतीत, नगर परिषदेत किंवा मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात असते. गणपतीला चाकरमानी नातेवाईक गावी येतात, तेव्हाच त्यांच्याकडे हे काम सोपवावे.

दुसरी अडचण नावाची असते. जन्माची नोंद बहुधा बारशापूर्वी होते, त्यामुळे अनेक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. ते नाव नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत घालून घेता येते, आणि पहिल्या वर्षानंतर त्यासाठी विलंब शुल्क भरावे लागते. किशोर गट संपण्याची वेळ आणि ही मुदत संपण्याची वेळ जवळजवळ एकच असल्यामुळे मूल १२-१३ वर्षांचे असतानाच दाखला उघडून पाहावा. आधारमध्येही वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे, डोळे आणि छायाचित्र यांची नोंद अद्ययावत करणे बंधनकारक आहे. १५ ते १७ या वयात ते काम विनामूल्य होते.

दाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर यांत नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख तंतोतंत जुळली पाहिजे. आपल्या आधीच्या पिढीत गुरुजींनी १ जून लिहून अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी आणला होता. ती सोय आता चालत नाही. कोणी वय एक-दोन वर्षांनी कमी दाखवण्याचा सल्ला दिला तर तो स्पष्ट नाकारावा. शंका आल्यास मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांच्या वयाचा अंदाज घेतला जातो आणि पकडल्या गेलेल्या मुलाची बंदी ही सल्ला देणाऱ्याला भोगावी लागत नाही. शिवाय जिल्हा व राज्य पातळीवरील कामगिरीला दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्या वेळी प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि किशोर गटातली जुनी विसंगतीही तेव्हा बाहेर येते.

४. कागदावरचे वय आणि अंगाचे वय वेगळे धरावे

मुलींची उंची साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते आणि मुलांची १४ व्या वर्षाच्या आसपास, परंतु एकाच वर्गातील दोन मुलांमध्ये यात दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असते. म्हणून कागदाने कुमार गटात गेलेला मुलगा शरीराने अजून किशोर असू शकतो. अशा मुलाला पहिल्या हंगामात मोठ्या पकडीच्या साखळीत मध्यभागी उभे करू नये. त्याला चढाईसाठी, तेही शेवटच्या मिनिटांत, थोड्या थोड्या वेळासाठी उतरवावे.

वेगाने वाढणाऱ्या मुलांच्या टाचा आणि गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो. हाडांची वाढ होत असलेल्या जागेवर स्नायूंचा ताण पडल्यामुळे हे घडते आणि ‘सराव चुकवायचे नाटक’ म्हणून ते उडवून लावल्यास दुखणे महिनोन्‌महिने टिकते. उड्या आणि धावणे काही आठवडे कमी करावे, आणि दुखणे थांबत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. डोक्याला मार लागून भोवळ, उलटी किंवा गोंधळल्यासारखे झालेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, मग सामना अंतिम फेरीचा का असेना.

५. वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये

या पायरीवर मी मुद्दाम थांबतो, कारण सर्वांत चुकीचे सल्ले येथेच मिळतात. निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात ५६-५७ किलोच्या मुलाला जेवण बंद करून, रेनकोट घालून पळवून, पाणी तोडून ५५ किलोच्या आत बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते आणि ती अभिमानाने सांगितलीही जाते. वाढीच्या वयात असे करणे धोक्याचे आहे. पाणी कमी झालेल्या मुलाला कोकणातल्या दमट हवेत पेटके येतात, चक्कर येते, उष्माघातही होऊ शकतो, आणि वजनकाट्यावर पास झालेला तो मुलगा संध्याकाळी चढाईत पाय उचलू शकत नाही.

येथे वहीतील नोंदी कामास येतात. जूनमध्ये १४ वर्षांचा मुलगा ५३ किलोचा असेल आणि दर दोन महिन्यांनी त्याचे वजन वाढत असेल, तर तो डिसेंबरमध्ये किशोर गटात बसणार नाही हे गृहीत धरावे आणि त्याची कुमार गटाची तयारी पावसाळ्यातच सुरू करावी. त्याला आणि त्याच्या घरच्यांना हे शांतपणे सांगावे. वजन वाढणे हे त्या वयाचे काम आहे आणि शिक्षा म्हणून गट बदललेला नाही, एवढे त्याला पटले तरी पुरे. सरावाआधी पेज, भाकरी-उसळ, उकडीच्या भाताबरोबर मासे किंवा अंडी असे घरचे साधे जेवण आणि सरावात मीठ घातलेले कोकम सरबत यांवर तो उत्तम वाढतो. डब्यातल्या प्रोटीन पावडरीवर पालकांनी पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

६. मैदान बदलते, म्हणून सराव बदलावा

मुलांच्या कबड्डीत किशोर गटाचे मैदान ११ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते, तर कुमार गटाचे १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाई करणाऱ्याने एकदा तरी ओलांडलीच पाहिजे अशी रेषा) किशोर गटात ३ मीटरवर असते आणि कुमार गटात ३.७५ मीटरवर. बोनस रेषा (जी ओलांडल्यास जादा गुण मिळू शकतो) दोन्हीकडे निदान रेषेच्या पुढे १ मीटरवर असल्यामुळे बोनसही तेवढाच लांब जातो. पाऊण मीटर ऐकायला किरकोळ वाटते, परंतु दोन पावलांत निदान रेषा ओलांडण्याची सवय झालेल्या मुलाला आता आणखी एक पाऊल टाकावे लागते आणि परत येतानाही तेच पाऊल पुन्हा टाकावे लागते. पकड बहुधा त्याच पावलावर होते. राखीव क्षेत्र, म्हणजे दोन्ही बाजूंचे कडेचे पट्टे, वगळता रुंदी ६ मीटरवरून ८ मीटर होते, त्यामुळे बचावाच्या साखळीत दोघांमधले अंतर वाढते आणि किशोर गटात आपोआप भरणाऱ्या फटी आता धावून भराव्या लागतात. सामन्याचा प्रत्येक डावही १५ मिनिटांऐवजी २० मिनिटांचा होतो.

मुलींच्या बाबतीत बदल वेगळा आहे. कुमारी गटाचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते, निदान रेषा ३ मीटरवरच राहते आणि डावही १५ मिनिटांचेच असतात. मैदान जवळजवळ तेच राहत असल्यामुळे मुलींना तयारीची गरज नाही असे समजले जाते, परंतु समोरच्या खेळाडूंचे वजन ५५ वरून ६५ किलोपर्यंत जाते. म्हणून मुलींसाठी पकडीत सुटण्याचे, पडण्याचे आणि खांदा वाचवण्याचे तंत्र आधी घ्यावे.

यावर करायचे काम सोपे आहे. वाडीच्या अंगणात किंवा देवळासमोरच्या जागेत १३ बाय १० मीटरचे मैदान बहुधा बसत नाही. तेव्हा भात कापलेल्या शेतात टेप लावून, फक्कीने पूर्ण मापाचे मैदान आखावे आणि किशोर गटाच्या शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी गट बदलणाऱ्या मुलांना त्यावर खेळवावे. एकाच मैदानावर दोन रंगांनी दोन्ही निदान रेषा आखल्यास मुलांना फरक डोळ्यांनी दिसतो. पहिले काही आठवडे फक्त चढाई, बोनस आणि परत येणे, नंतर मोठ्या मुलांच्या बचावासमोर हात लावण्यापुरता खेळ, आणि शेवटी पूर्ण पकडीचा सामना, असा क्रम ठेवावा. हा क्रम उलटा लावला की पहिल्याच दिवशी मोठ्यांनी दाबलेला मुलगा पुढे चढाईलाच घाबरतो. पावसात शाळेच्या सभागृहात किंवा समाजमंदिरात पायांचे काम, दोरीच्या उड्या आणि बैठका एवढे तरी होतेच.

खो-खोत किशोर गटाची एक पाळी ७ मिनिटांची असते आणि वरच्या गटात ९ मिनिटांची. आक्रमणाच्या पाळीत शेवटची दोन मिनिटे सूर मारण्याची, म्हणजे पळणाऱ्याला बाद करण्यासाठी झेप घेण्याची, ताकद उरत नाही, हीच तक्रार सर्वांकडून येते. त्यामुळे सरावात ९ मिनिटांचे घड्याळ लावावे आणि खांबावरचा सूर आधी मऊ मातीत शिकवावा. कोपर-गुडघ्यांची साले निघालेल्या जागी पावसाळी चिखल लागून जखमा चिघळतात. धनुर्वाताची लस घेतली आहे का, हे संमतीपत्रातच विचारून ठेवावे.

७. वरच्या गटातील वागण्याचे नियम आधी ठरवावेत

कुमार गटात १५ वर्षांचा मुलगा १९ वर्षांच्या मुलांबरोबर प्रवास करतो, रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धांना जातो आणि कधी परगावी मुक्कामही करतो. तंबाखू, गुटखा, दारू आणि सामन्यांवर लावलेल्या पैजा त्याला येथेच प्रथम जवळून दिसतात. मंडळाने लेखी नियम करावेत. १८ वर्षांखालील मुलांची झोपण्याची जागा मोठ्यांपासून वेगळी असावी, मुलींच्या संघाबरोबर एक तरी महिला असावी, कोणत्याही मोठ्या व्यक्तीने मुलाला एकट्याला दुचाकीवर घरी सोडू नये, आणि शेवटची एस. टी. चुकल्यास काय करायचे हे निघण्यापूर्वीच पालकांना सांगितलेले असावे. नव्या मुलांची ‘गंमत’ म्हणून कपडे काढणे, मारणे किंवा जबरदस्तीने काही प्यायला लावणे हे पहिल्याच तक्रारीवर थांबवावे.

बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू आहे आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. गावकीत बसून प्रकरण मिटवण्याचा अधिकार मंडळाला नाही. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मंडळाच्या फलकावर लिहून ठेवावा.

घरच्यांशी बोलणे याच वेळी करावे. कुमार गटाचे पहिले वर्ष आणि दहावी अनेकदा एकत्र येतात. आठवड्यातून किती दिवस सराव, परीक्षेपूर्वी किती आठवडे सुट्टी, हे मंडळाने स्वतःहून सांगितले तर ‘दहावीला खेळ बंद’ हा निर्णय पुष्कळ घरांत टळतो. मुलींच्या बाबतीत आईशी बोलावे. कपडे, पाळीच्या दिवसांतील सराव आणि अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचणे, या तीन प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली की बहुतेक आया मुलीला पाठवतात.

८. ज्यांना संघात जागा मिळणार नाही त्यांचे काम आधीच ठरवावे

मैदानावर ७ खेळाडू आणि बाहेर ५ राखीव, एवढाच कबड्डीचा संघ असतो. गट बदललेल्या सर्वांना त्यात जागा मिळत नाही. यादीतून वगळलेल्या मुलाला भिंतीवर लावलेल्या कागदावरून ते कळू देऊ नये. प्रशिक्षकाने आधी त्याला बाजूला घेऊन सांगावे, कशात कमी पडला हे नेमके सांगावे आणि पुढची चाचणी कधी आहे हेही सांगावे. त्याला किशोर गटाच्या सरावात मदतनीस करावे, गुणलेखन शिकवावे, छोट्या निमंत्रित स्पर्धांत दुसरा संघ उतरवावा. काही मुले पंचांच्या परीक्षेकडेही वळतात आणि त्यात रमतात. आमच्याकडे गुणलेखन शिकलेली मुले खेळाचे नियम मोठ्या खेळाडूंपेक्षा पक्के सांगतात, आणि त्यावरून वादही घालतात.

९. शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्यांची नोंदणी सोडवून द्यावी

दहावी-बारावीनंतर मुले मुंबई, पुणे, कोल्हापूर येथे जातात आणि तेथील मंडळात खेळू इच्छितात. जुन्या जिल्ह्याची नोंदणी तशीच ठेवून दुसऱ्या जिल्ह्यातून खेळल्यास हरकत घेतली जाऊ शकते आणि त्याचा फटका संपूर्ण संघाला बसतो. चांगला खेळाडू हातचा जाऊ नये म्हणून ना-हरकत पत्र अडवून ठेवणारी मंडळे आहेत. त्यांच्या हाती काही लागत नाही आणि मुलाचे वर्ष मात्र वाया जाते. मुलगा जाणार हे जून महिन्यात कळताच जिल्हा संघटनेकडे चौकशी करून बदलीचा अर्ज, मंडळाचे पत्र आणि त्याची संपूर्ण फाइल त्याच्या हाती द्यावी. मे महिन्यात तो गावी आला आणि वाडीच्या स्पर्धेत उतरण्याची इच्छा त्याने दाखवली, तर त्याचे नाव यादीत लिहिण्यापूर्वी ती स्पर्धा संघटनेच्या मान्यतेची आहे का आणि बाहेर नोंदणी असलेला खेळाडू तीत चालतो का, हे आयोजकांना विचारून घ्यावे.